बोटाला खरं वाटलं पाहिजे

अण्णांबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मला राग येतो. बोलणाऱ्याचा येतोच, पण अण्णांचाही येतो. आमच्या जुन्या ऑफिसातली मुलं आता कुठे कुठे मोठ्या हुद्द्यांवर आहेत, आणि भेटली की "काय माणूस होता यार" असं सुरू करतात. होता कसला, आहे. लासूर स्टेशनला स्वतःच्या घरात ठणठणीत आहे. तो आमच्यात रोज येऊन बसत होता तेव्हा याच मुलांनी त्याला "आजोबा व्हर्जन" असं नाव ठेवून हसून घेतलं होतं. मीही हसले होते, म्हणून हे लिहायचं काम माझ्याकडेच येतं.

ऑफिस सिडकोत होतं, टीव्ही सेंटरच्या अलीकडे, खाली औषधाचं दुकान, मध्ये कोचिंग क्लास आणि वर आम्ही नऊ जण. मोबाइलवर ॲपसारख्या दिसणाऱ्या आणि ॲपसारख्या वागणाऱ्या वेबसाइट बनवणं हा आमचा धंदा. म्हणजे उतरवून घ्यायचं काही नाही. लिंक उघडायची, ती होम स्क्रीनवर जोडायची, झाला आयकॉन तयार. दाबला की स्क्रीनभर उघडतो, वर पत्त्याची पट्टी नाही, खाली ब्राउझरची बटणं नाहीत. वरून ॲप, आतून वेबसाइट. आमचे साहेब पुण्यात चार वर्षं राहून आले होते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला "ॲपच्या निम्म्या वेळात ॲप" असं सांगायचे. हे बोलताना ते स्वतःचाच फोन असा काही दाखवायचे, की जणू तो त्यांनी घरी बनवलाय.

अण्णा आमच्याकडे आले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. त्याआधी अठरा वर्षं ते वाळूजच्या एका कारखान्यात दुचाकीच्या हँडलवरची बटणं तपासत होते. हॉर्न, इंडिकेटर, दिवा. दिवसभर अंगठ्यानं बटणं दाबायची आणि जे बरोबर लागत नाही ते बाजूला काढायचं. तो विभाग बंद झाला तेव्हा हा माणूस घरी बसून कॉम्प्युटर शिकला, अगदी कोड लिहिण्यापर्यंत. साहेबांनी त्यांना "टेस्टिंगला एक माणूस" म्हणून घेतलं, आणि दोन वर्षांत अशी वेळ आली की अण्णांचा अंगठा लागल्याशिवाय ऑफिसातून काही बाहेर जाईना.

"हॉर्नचं बटण दाबलं की हॉर्न वाजायच्या आधी बोटाला कळतंय, की दबलं," ते म्हणायचे. "तसं पायजे. बोटाला खरं वाटलं पायजे. डोळ्याला नंतर वाटलं तरी चालतंय."

त्यांच्या खुर्चीला भाजीची एक कापडी पिशवी लटकलेली असायची. तिच्यात फोन होते, शहागंजातून जुने घेतलेले, कुणाची काच तडकलेली, कुणाची बॅटरी फुगलेली. एकाच्या स्क्रीनचा उजवा कोपरा मेलेला होता. प्रत्येक फोनला त्यांनी गावाचं नाव दिलं होतं. सगळ्यात मंद चालणारा तो बिडकीन, कोपरा मेलेला तो हर्सूल, त्यातल्या त्यात बरा तो लासूर, कारण ते त्यांचं स्वतःचं गाव. "बिडकीनवर उघडून दावा" असं ते म्हणायचे, आणि नवीन आलेला मुलगा गोंधळून खिडकीबाहेर बघायचा. स्वतः मात्र साधा बटणांचा फोन वापरायचे. विचारलं तर म्हणायचे, "मी आतलं बघितलंय. मला नको."

तपासायची त्यांची रीत बघून मला पहिल्या आठवड्यातच कळलं की इथे आपलं डोकं फिरणार आहे. अंगठा पाण्याच्या ग्लासात बुडवून बटण दाबायचे. कधी खोबरेल तेलाचं बोट. एकदा घरून स्टीलच्या डबीत मळलेली कणीक घेऊन आले, हात भरवले आणि तसेच फोनवर फिरवले. साहेबांकडे तेव्हा बाहेरची माणसं बसलेली होती. अण्णांना त्याचं काही नव्हतं. "बाई कणीक मळताना फोन उचलणार हाय. तवा तुम्ही तिथं नसणार," असं त्यांनी त्या पाहुण्यांना सांगितलं आणि हात धुवायला गेले.

छोट्या छोट्या गोष्टींवर ते असे संतापायचे की बघत राहावं. बटण दाबल्यावर त्याच्याभोवती क्षणभर निळसर डाग उमटला, संतापले. यादी खाली ओढताना पान पुन्हा उघडलं आणि अर्धवट भरलेला फॉर्म पुसला गेला, संतापले. कीबोर्ड वर आला आणि 'पुढे'चं बटण त्याच्यामागे गेलं, दुपारचं जेवले नाहीत. मी केलेलं एक बटण त्यांनी अकरा वेळा परत पाठवलं. दिसायला त्यात काहीही चुकीचं नव्हतं. बाराव्या वेळी मी विचारलं, अण्णा, नेमकं काय पाहिजे ते एकदा सांगाल का. त्यांनी अंगठा ठेवला, उचलला, परत ठेवला.

"हे बटण हाय का भिंतीवर काढलेलं चित्र? दाबल्यावर दबायला पायजे ना पोरी."

मी इंजिनिअरिंगला विद्यापीठात वरच्या नंबरानं पास झालेली मुलगी. माझ्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीतल्या, आवाज चढवून कुणी बोलत नाही. मला त्या दिवशी इतकं लागलं की मी जिन्यात जाऊन रडले. मग परत येऊन ते बटण केलं. दबल्यावर ते किंचित आत जायचं, किंचित गडद व्हायचं, आणि फोन अगदी हलका थरथरायचा. अण्णांनी बिडकीनवर दाबून बघितलं. परत पाठवलं नाही, फोन पिशवीत टाकला. त्यांच्यात याला शाबासकी म्हणत.

शेवटची परीक्षा ते रस्त्यावर घ्यायचे. तयार झालेलं काम फोनवर उघडायचं, क्रांती चौकात नाहीतर शहागंजात जायचं, कुणाही अनोळखी माणसाच्या हातात फोन द्यायचा आणि विचारायचं, हे काय आहे. माणूस "ॲप" म्हणाला की काम पास. मी एकदा बरोबर गेले होते. शहागंजात चपलांच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या चाचांनी फोन हातात घेतला, एकदा वर-खाली सरकवलं आणि परत दिला.

"ये ऐप नईं है भाई. साइट है. ऊपर पट्टी दिखरी ना."

त्या एका फोनवर वरची पट्टी क्षणभर डोकावत होती. अण्णांचा चेहरा असा पडला, की चाचांनी त्यांना बसायला स्टूल दिलं. पुढचे चार दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी परत त्याच दुकानात गेले आणि चाचांच्या तोंडून "हां, अब ऐप है" असं वदवून घेऊनच आले. माणूस वेडा होता, याबद्दल आमच्यात कुणालाच शंका नव्हती. मला राग याचा, की त्यांच्या या वेडावर साहेब जगत होते आणि वर त्यांच्याच नकला करून दाखवत होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मग ते काम आलं. एका खासगी आरोग्य संस्थेच्या सेविका खेड्यापाड्यांत, वाड्यावस्त्यांवर जाऊन गरोदर बायकांचं वजन, रक्तदाब, तारखा लिहून घेत. वह्या बंद करून सगळं मोबाइलवर आणायचं होतं. सेविकांचे फोन स्वतःचे, लग्नाच्या व्हिडिओंनी आणि सुप्रभातच्या फुलांनी गच्च भरलेले, त्यांच्यात नवीन ॲप उतरवायला जागाच नाही. म्हणून आमचं वरून ॲप, आतून वेबसाइट. वस्तीवर नेट नसतं, तेव्हा नोंद आधी फोनातच, ब्राउझरच्या पोटात राहायची आणि नेट मिळालं की सर्व्हरला जायची.

मी प्रत्येक नोंदीखाली बारीक करड्या अक्षरांत एक ओळ टाकली होती, 'पाठवायची बाकी'. गेली की ती ओळ जाणार. अण्णांनी ती काढून टाकली. त्यांच्या रचनेत बटण दाबलं की त्याच क्षणी हिरवी खूण, हलकी थरथर, आणि 'नोंद झाली'. नेट असो वा नसो.

"अण्णा, झाली कुठे? ती फोनातच आहे."

"जाईल की नेट आल्यावर."

"उघडलं तर जाईल. बंद ठेवलं तर नाही जाणार. ही वेबसाइट आहे."

त्या शब्दाची त्यांना चीड होती. "ते तुला ठाऊक, मला ठाऊक. ताईला कामून सांगायचं? उन्हातान्हात फिरून ती नोंद करायली, अन् तू तिला वर म्हणायलीस, बाकी हाय, बाकी हाय. असलं रडकं ॲप बघितलंय का तू कुठं?"

मी भांडले. साहेबांकडे गेले. साहेबांनी दोन्ही करून बघितलं आणि म्हणाले, "अण्णांचं स्मूद वाटतंय ना. लोकांना स्मूदच आवडतं." माझी ओळ गेली. मी जागेवर येऊन बसले आणि मनात म्हटलं, बरं, तुमचं तुम्ही निस्तरा. हे मी मनात म्हटलं होतं, तेही इथे सांगायला हवं.

सेविकांना ते फार आवडलं. संस्थेच्या प्रशिक्षणात बायका एकमेकींना बटण दाबून दाखवत होत्या. कुणालाच ते वेबसाइट वाटलं नाही. अण्णा मागच्या बाकावर बसून बायकांच्या बोटांकडे बघत होते, आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा उघड उघड खूश झालेलं बघितलं.

दीड महिन्यानं संगीताताई ऑफिसात आल्या. बिडकीनच्या पुढच्या वस्त्या त्यांच्याकडे होत्या. वडापच्या गच्च भरलेल्या जीपनं आल्या होत्या, चपला दाराबाहेर काढल्या, आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या बोलण्यातून जे कळलं ते असं. त्यांनी तीन आठवड्यांत एकतीस बायकांच्या नोंदी केल्या होत्या. सगळ्या वस्तीवर, जिथे नेट नाही. घरी नेट होतं, पण घरी त्या ॲप उघडत नव्हत्या. कशाला उघडतील? काम झालेलं होतं, हिरवी खूण आलेली होती. मग फोन फार अडकायला लागला म्हणून त्या मोबाइलच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं विचारलं, ब्राउझरचं सगळं साफ करू का. त्या करा म्हणाल्या. ब्राउझरशी त्यांचा काय संबंध? त्यांचं ॲप वेगळं होतं, त्याचा आयकॉन वेगळा होता, आणि साफ केल्यावरही तो जागच्या जागी होता. घरी येऊन उघडलं तर आत एकही बाई नव्हती.

संस्थेत त्यांच्या नावावर महिनाभर शून्य दिसत होतं. वरिष्ठ बाईंनी ठरवून टाकलं की ही घरी बसून राहिली आणि आता बहाणे सांगते आहे. शेवटची संधी म्हणून त्यांना एक कागद आणायला सांगितला होता.

"कंपनीचं पत्र आणा म्हणल्यात सोमवारपर्यंत. की नोंदी व्हत्या, अन् गेल्या. नाय तर मला कमी करणार," संगीताताई म्हणाल्या. "माझं काम जाईल ते जाईल ताई. पण मी घरी बसून व्हते म्हणत्यात. मी नव्हते बसून."

अण्णांनी तो फोन घेतला आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसले. सगळं करून बघितलं. काही मिळणार नव्हतं, ते मला पहिल्या तासात माहीत होतं आणि त्यांनाही असणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन पुसून ताईंच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर, साहेब केबिनच्या दारात उभे असताना, म्हणाले, "ताई, चूक तुमची नाय. आम्ही तुम्हाला फसवलं. आम्हाला लई हौस व्हती, म्हून फसवलं."

"अण्णा, आत या जरा," साहेब म्हणाले.

आत काय झालं ते काचेतून दिसत होतं, ऐकू कमी येत होतं. साहेबांचं म्हणणं साधं होतं. ज्या नोंदी आपण पाहिल्याच नाहीत, त्या होत्या असं लिहून कसं द्यायचं? आणि आपली चूक कबूल केली, तर संस्थेचं पुढचं काम गेलं. अण्णांना एवढंच लिहायचं होतं, की नोंद फोनातच आहे हे ताईंना कळायची सोय आम्ही ठेवली नव्हती. साहेबांनी त्याऐवजी एक तांत्रिक अहवाल तयार केला. त्यात दोन वाक्यं होती. 'यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही. सदर माहिती वापरकर्त्याने ब्राउझरमधून स्वतः पुसली आहे.' खाली दोन सह्यांची जागा. अण्णांची आणि माझी.

अण्णांनी कागद वाचला आणि परत दिला. साहेबांनी त्यांचं नाव काढून टाकलं आणि एकाच सहीचा नवा कागद छापला.

मी सही केली. त्या कागदातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. मुळात ती हिरवी खूण माझी नव्हती. माझी करडी ओळ होती, ती अण्णांनी काढली, भांडून काढली, आणि आता मोठे हरिश्चंद्र बनून ताईंची माफी मागत होते. मला त्यांचा इतका राग आला होता की सही करताना संगीताताईंचा विचारच मनात आला नाही. आता मला त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो.

तो शनिवार होता. अण्णा उशिरापर्यंत थांबले. सोमवारी सकाळी संस्थेतून फोनांवर फोन यायला लागले. साऱ्या सेविकांच्या फोनवर वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी आली होती. जाड, बोटभर रुंद, काळ्या ठळक अक्षरांत, आकडा तेवढा प्रत्येकीचा वेगळा. 'हे ॲप नाही. ही वेबसाइट आहे. ४ नोंदी अजून तुमच्याच फोनात आहेत. नेट असेल तिथे हे उघडून ठेवा. ब्राउझर साफ करू नका.' हिरवी खूण बंद केली होती. सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत नुसतं 'थांबा' असं लिहून यायचं. वरच्या पट्टीच्या एका सावलीसाठी चार दिवस मौन धरणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातांनी, कुणाला न विचारता, आपल्या सगळ्यात देखण्या कामाच्या तोंडाला हे फासलं होतं.

साहेब भडकले. "हे ॲप नाही म्हणजे काय? आपण त्यांना ॲप म्हणून विकलंय." अण्णा ऑफिसात नव्हते, फोन उचलत नव्हते. पट्टी काढायचं काम माझ्याकडे आलं. काढायला दहा मिनिटं लागली. हिरवी खूणही परत आणली. दोन दिवसांत सेविकांचे निरोप आले, आता पहिल्यासारखं छान चालतंय. सेविकांसाठी एक सूचनापत्रक काढू असं साहेब म्हणाले होते. ते काही निघालं नाही.

अण्णा शुक्रवारी उगवले. उन्हानं रापलेले, स्कूटरच्या धुळीनं भरलेले. रविवारपासून चार दिवस ते संगीताताईंना मागे बसवून वस्त्या-वस्त्यांवर फिरत होते. दोनशे पानी वहीत त्या एकतीस बायकांची नावं लिहून आणली होती, प्रत्येकीसमोर ताई कोणत्या वारी आल्या होत्या, वजनकाटा कुठे मांडला होता, घरात आणखी कोण होतं, आणि खाली त्या बाईची सही नाहीतर अंगठा. एकीनं तर ताईंनी दिलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट वहीला टाचणीनं लावून दिलं होतं. ही वही घेऊन ते आदल्या दिवशी संस्थेत गेले होते.

वरिष्ठ बाईंनी वही उघडलीसुद्धा नाही. गावातल्या बायका ओळखीच्या असतात, सही कुणीही देतं, असं म्हणाल्या. आमच्याकडे कंपनीचा तांत्रिक अहवाल आहे, तो स्पष्ट आहे, असं म्हणाल्या, आणि तो त्यांच्यापुढे ठेवला. घरोघर उन्हात फिरून मिळवलेल्या एकतीस बायकांच्या साक्षीपेक्षा एसीत बसून केलेली माझी एक सही जड भरली. का? तर मी इंजिनिअर आणि त्या वस्तीवरच्या. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं राज्य आहे सगळं, आणि मी त्या दिवशी उंटावरच बसलेली होते.

ते माझ्या टेबलाजवळ आले. मी तयारीत होते. या माणसानं एका न दबणाऱ्या बटणावरून मला रडवलं होतं, आज तर त्यांच्याकडे कारण होतं. मीही उत्तरं जमवून ठेवली होती.

"पट्टी कुणी काढली?"

"मी."

"अन् त्या कागदावर सही?"

"माझी. अण्णा, त्यात चुकीचं काही नव्हतं."

"नाय," ते म्हणाले. "एक अक्षर चुकीचं नाय त्यात."

एवढंच. मी वाट बघत राहिले. त्यांनी खुर्चीची पिशवी काढून खांद्याला अडकवली, साहेबांच्या केबिनमध्ये न जाता जिना उतरले, आणि परत आले नाहीत. मी कितीदा फोन केला, उचलला नाही. मला वाटलं, आपल्याला तोडून टाकलं या माणसानं. स्वतः चूक करायची आणि वर रुसायचंही स्वतःच. ऑफिसात मी तावातावानं हे सगळ्यांना सांगत होते, आणि सगळे हो हो म्हणत होते, कारण त्यांनाही तेच ऐकायचं होतं.

वर्षभरानं मला पुण्यात दुसरी नोकरी लागली. तिथे पोचल्यावर, म्हणजे आमच्या साहेबांना माझं काही करता येणार नाही अशा ठिकाणी बसून, मी संस्थेला पत्र लिहिलं. त्यात अण्णांना लिहायचं होतं ते सगळं लिहिलं, माझ्या करड्या ओळीसकट. उत्तर आलं. पत्राची नोंद घेतली आहे, सदर जागा भरलेली आहे. शौर्याला मुहूर्त बघितला की असंच उत्तर येतं.

मग मी संगीताताईंना फोन केला. पत्र लिहिलं, हे सांगायला. खरं तर त्यांनी मला काहीतरी बरं म्हणावं म्हणून. त्यांनी पत्राचं ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाल्या, आणि मला माहीत नसलेलंच काही सांगायला लागल्या. त्या एकतीसजणींत एक पहिलटकरीण होती, तिचा रक्तदाब तेव्हापासूनच वर होता. नोंद गेली, जागेवर नवीन सेविका आली, तिला काय ठाऊक. म्हणून संगीताताई स्वतःच दर बुधवारी तिच्याकडे जात राहिल्या, अगदी तिला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन दाखल करेपर्यंत. बाई सुखरूप आहे, मुलगी झाली.

"नोकरी नसताना जात होता?" मी विचारलं.

"नोकरी गेली ताई, बाईचं बीपी थोडंच गेलं व्हतं? अन् मी एकटी कुठं, अण्णा यायचे की लासूरहून. दर बुधवारी. बीपीचं मशीन बी त्यांनीच घेतलं."

लासूर स्टेशनहून बिडकीनच्या पुढची वस्ती म्हणजे त्या जुन्या स्कूटरवर जाऊन-येऊन अख्खा दिवस. आणि मी तेव्हा अजून सिडकोतच होते, बिडकीनला त्यांच्यापेक्षा जवळ. माझी गाडी होती, बुधवारी रजा काढता आली असती, काहीही करता आलं असतं. माझा आवाज चढला. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं कुणी? मी आले असते.

"मी म्हणले व्हते त्यांना, त्या ताईला बी बोलवा," संगीताताई म्हणाल्या. "ते म्हणले, नका सांगू. त्या कागदावर तिची सही हाय. आपल्याला हितं बघून पोरीला लई वाईट वाटंल."

पुढे त्या बाळाबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी हूं हूं करत होते. मला राग आला होता, आणि या वेळी तो काढायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.